घर बांधून झालं? शाब्बास. आता फाइल बांधा

नमस्कार मंडळी.

रंगारी शेवटचा हात मारून गेला (जाताना शिडीपण घेऊन गेला, शिडी माझी होती) की लोक म्हणायला लागतात, झालं बाबा एकदाचं घर. ही फ्लॅटवाली मंडळी असतात, त्यांना माफ करा. नुसत्या भिंती उभ्या राहिल्या म्हणजे घर होत नाही, भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे घर नकाशाप्रमाणे झालंय, राहायला हरकत नाही असा सरकारी कागद, यायचं असतं अजून. मी कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी २ गुंठ्यांत, कंत्राटदार न लावता, लेबर रेटनं, स्वतः उन्हात उभं राहून, पीएफ काढून घर बांधलंय आणि गेल्या पंधरवड्यात अंतिम पाहणी नावाचा सोहळाही उरकलाय. त्यामुळे सल्ले द्यायचा अधिकार मला आपोआप आलाय. फुकट आहेत, घ्या.

सल्ला पहिला. प्लॉट लहान घ्या. १५० चौरस मीटरच्या आत असाल तर नवीन नियमावलीत परवानगीचं काम बरंच हलकं केलंय. माझे २ गुंठे म्हणजे २०२ मीटर. वरच्या ५२ मीटरांत मी जास्वंद आणि एक आंबा लावणार होतो. आता तेवढ्या जागेत झेरॉक्स मावतात.

सल्ला दुसरा, झाडं. पाहणीच्या फोटोत झाडं दिसली पाहिजेत. खरी झाडं लावायच्या भानगडीत पडू नका, ती वाढेपर्यंत साहेब रिटायर होतील. नर्सरीतून दोन दिवसांसाठी मोठ्या कुंड्या आणायच्या, गळ्यापर्यंत मातीत पुरायच्या, वरून थोडा पालापाचोळा, की झाड तिथंच उगवल्यासारखं दिसतं. फोटो झाला की परत. आमच्या गल्लीत एकच कडुनिंब चार घरांच्या फायलीत आहे.

तिसरा. बाथरूमचा ढाळ जाळीकडे देऊ नका, दाराकडे द्या. हॉल आपोआप पुसला जातो.

चौथा. कामगार उपकर भरा, बांधकाम खर्चाच्या १ टक्का. स्वतःच्या राहत्या घराला १० लाखांपर्यंत खर्च असेल तर जुन्या कायद्यात माफी होती म्हणे, म्हणजे ज्यांना फक्त जिना बांधायचा होता त्यांना मोठाच दिलासा. हा पैसा बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठी असतो, म्हणून मी पावती घेऊन कौतुकानं आमच्या गवंड्याला दाखवली आणि विचारलं, तुमची नोंदणी आहे ना कामगार मंडळाकडं? तो म्हणाला, "कसली वो?" त्याला मी पावतीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप केला. तेवढंच कल्याण.

पाचवा सल्ला सामासिक अंतराचा, म्हणजे घर आणि कंपाउंडच्या मधे मोकळी सोडायच्या जागेचा, आणि इथं जरा बसून घ्या, कारण मी यात चांगलाच मुरलोय.

मंजूर नकाशात बाजूचं अंतर १.५० मीटर. मिस्त्रीनं ओळंबा लावून, गुण्या लावून, वीट न् वीट दीड मीटरवर बसवली, मी स्वतः टेप धरली होती. पाहणीला साहेब आले, बरोबरच्या पोरानं टेप टाकली, १.४२. मी म्हणालो परत टाका. परत १.४२. आठ सेंटिमीटर कुठं गेले? तर भाऊ, बाहेरचं प्लॅस्टर २, कंपाउंड भिंतीचं आतल्या बाजूचं प्लॅस्टर २, आणि मेव्हण्यानं "दाजी, एलिव्हेशन उठून दिसंल" म्हणून लावायला लावलेलं दगडी क्लॅडिंग मसाल्यासकट ४. झाले आठ. एलिव्हेशन उठून दिसलं ते साहेबांनाच. साहेब म्हणाले सुधारित नकाशा टाका नाहीतर काढा. मी नव्वद रुपये फुटाचं क्लॅडिंग छिन्नीनं स्वतः काढलं, बायको खिडकीतून बघत होती, एक शब्द बोलली नाही, त्यापेक्षा बोलली असती तर बरं. आता किती? १.४६. "अजून चार कमी आहेत," साहेब म्हणाले. मग प्लॅस्टरपण काढू का, म्हणालो. तर साहेब हसले, म्हणाले, "येऊन भेटा." भेटलो. तिसऱ्यांदा टेप पडली ती बरोब्बर १.५०. टेप कापडी असली की उन्हात वाढते, हे आम्हाला शाळेत शिकवलंच नव्हतं.

आणि हे सगळं होत असताना माझ्या डाव्या हाताला, त्याच कंपाउंडला खेटून, शेजाऱ्याची तीन मजली इमारत उभी आहे. तिला बाजूचं अंतर नाहीच. त्यांच्या गॅलरीतून हात लांबवला तर माझ्या स्वयंपाकघरातली भाजी ढवळता येते. भोगवटा नाही, शास्ती (बेकायदा बांधकामाचा दंड) भरतात, नळ आहे, मीटर आहे, खाली दोन गाळे भाड्यानं दिलेत. टेप टाकताना साहेबांनी आधार म्हणून एक हात त्यांच्याच भिंतीला लावला होता. म्हणून सल्ला असा की आठ सेंटिमीटर खाऊ नका, खायचंच असेल तर सगळंच खा. आठ सेंटिमीटर टेपला लगेच दिसतात, दीड मीटर खाल्ला की टेप टाकायला जागाच उरत नाही.

सहावा. सर्व्हर डाऊन असेल तर चिडू नका. वर असतानाही काही होत नाही.

सातवा. ऑफिसात भिंतीवर लोकसेवा हक्क कायद्याचा बोर्ड असतो, २०१५ चा कायदा. कोणतं काम किती दिवसांत, उशीर झाला तर अपील कुणाकडं, आणि अपिलातही हयगय ठरली तर अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड, सगळं आहे. त्या बोर्डासमोर एक लोखंडी कपाट आहे, त्यामुळे बोर्डाचा फक्त उजवीकडचा भाग वाचता येतो. कपाट सरकवायला सांगू नका. तुमची फाइल त्यातच आहे.

आठवा... नववा असेल, जाऊ दे नंबर. सह्यांचं बोलतो.

घराला बऱ्याच सह्या लागतात. त्यातली एक असते की बांधकाम माझ्या देखरेखीखाली झालं, मजबूत आहे, इति इंजिनियर. आमचे इंजिनियर फार भला माणूस. जोत्याच्या वेळी एकदा आले होते, चहा घेतला, मोटारसायकलवरूनच "छान चाललंय" म्हणाले. पहिल्या स्लॅबला पुण्यात होते. दुसऱ्या स्लॅबला लग्नात होते. देखरेख म्हणजे काय, देखलं नाही, रेघ तेवढी मारली.

आमचा सगळा पट्टा कोयनेच्या अंगणात येतो. आजी ११ डिसेंबर १९६७ ची भूकंपाची पहाट सांगायची, चुलत्यांना पांघरुणासकट उचलून अंगणात कशी पळाली ते, आणि सांगताना दर वेळी एकदा वर छताकडे बघायची. त्यामुळे मला वेड होतं की कॉलमच्या रिंगा, म्हणजे उभ्या सळयांना आवळून धरणारी कडी, नीट पाहिजेत. रिंगचं टोक आत १३५ अंशात वळवायचं, नुसतं ९० ला काटकोनात ठेवायचं नाही, म्हणजे हादरा बसला तर रिंग उलगडत नाही आणि कॉलमातलं काँक्रीट धरून ठेवते. खर्च जवळजवळ शून्य, बोटभर सळई जास्त लागते. आमचा बारबेंडर म्हणाला, "त्यानं काय हुतंय पावणं, हितं कुठं भूकंप?" कोयनेपासनं एवढ्याशा अंतरावर उभं राहून म्हणाला. खालच्या मजल्याच्या रिंगा मी भांडून पुन्हा वळवून घेतल्या. वरच्या मजल्याच्या वेळी मला मार्चएंडची सुट्टी मिळाली नाही. वरच्या कॉलमात काय आहे ते त्या बारबेंडरला माहीत आणि देवाला. स्लॅबखालच्या सळईला कव्हर ब्लॉक (सळई उचलून काँक्रीटच्या आत ठेवणारे ठोकळे) होते का दगडाच्या कपच्या, तेही कुणी वाकून बघितलं नाही. आता सगळ्यावर पुट्टी आहे, रंग आहे, आणि एक सही आहे.

म्हणून सल्ला, सळईवर पैसे घालवू नका, सळई कुणी मोजत नाही. अंतर मोजतात.

दुसरी सही विजेच्या टेस्ट रिपोर्टची. परवानाधारक ठेकेदारानं तपासणी करून सही करायची, मग पक्कं मीटर. बांधकामाचा टेम्पररी मीटर बंद करून घरगुती करायचा तर हा कागद लागतोच. मिळायला सोपा आहे. आमच्याकडं झेरॉक्सच्या दुकानात बाकड्यावर मिळतो, कोरे फॉर्म सही-शिक्क्यासकट तयार असतात, आपण नाव-पत्ता सांगायचा. त्यात एक रकाना असतो अर्थिंगचा, म्हणजे गळकी वीज जमिनीत सोडायच्या सोयीचा, किती ओहम, जितके कमी तितकं चांगलं. माझ्यात २ लिहिलं. छान आकडा आहे, सगळ्यांच्यात २ च असतो.

वास्तुशांत झाली. पुरणपोळी झाली, सगळ्यांनी घर फिरून बघितलं, टाइल्सचं कौतुक झालं. दुसऱ्या दिवशी पहाटे आईनं अंघोळीला गिझरचा नळ फिरवला आणि झटका बसून मागं फेकली गेली. ओल्या फरशीवर, दाराकडे ढाळ असलेल्या. कोपर मोडलं. घराचं प्लॅस्टर काढायचं वाचलं होतं, आता आईच्या हाताला घातलं.

त्या दिवशी मी पहिल्यांदा बोर्ड उघडून बघायला बाहेरचा माणूस आणला. हिरवी वायर बोर्डातून निघालीय, भिंतीतून खाली आलीय, पेव्हिंग ब्लॉकच्या खाली चार इंच गेलीय आणि संपलीय. पुढं काही नाही. तांब्याची पट्टी नाही, पाइप नाही, खड्डाच नाही. मातीत नुसतं वायरचं टोक, त्यालापण रबर तसंच. आणि आरसीसीबी, जी ३० मिलिअँपिअर वीज गळाली की लाइट बंद पाडते, तिला वायरमननं बायपास करून ठेवलेलं. का? "सारखी ट्रिप हुत हुती." अरे ती ट्रिप होत होती म्हणजे काहीतरी सांगत होती ना! गिझर गळतोय हे सांगणारी अख्ख्या घरातली ती एकच प्रामाणिक वस्तू होती आणि तिचंच तोंड बांधलं.

अर्थिंगच नव्हतं तर ते दोन ओहम कुणाचे होते?

आता गंमत बास. ज्यानं न बघता सही केली त्या ठेकेदाराला मी फोन केला तर म्हणाला, "दादा, सगळेच असं करतात, तुमच्यासाठी वेगळं काय करू." एवढ्या पैशात तिथवर येणं परवडत नाही म्हणे. परवडत नाही तर परवाना परत करा की! इंजिनियरसाहेब, तुम्ही तुमच्या स्वतःच्या घराच्या स्लॅबला लग्नाला गेला असता का? आणि पाहणीवाल्यांनो, तीन वेळा आलात माझ्या दारात, तीन वेळा, प्रत्येक वेळी त्या बोर्डाच्या शेजारून टेप ओढत गेलात, एकानं तरी विचारायचं की अर्थिंगचा खड्डा कुठाय. आठ सेंटिमीटरनं कोण मरतं?

आणि मी काय मोठा शहाणा. तो टेस्ट रिपोर्ट मीच आणला, माझ्याच पायानं, झेरॉक्सच्या दुकानातून. ठेकेदार एकदा म्हणालाही होता की येऊन बघतो पुढच्या आठवड्यात, तर मीच म्हणालो राहू दे, सही तेवढी द्या, वास्तुशांतीची तारीख निघालीय, मीटर पाहिजे. हे मी बोललोय, ह्याच तोंडानं. दारापुढच्या पेव्हिंग ब्लॉकचा रंग ठरवायला तीन रविवार घातले आणि त्याच्या खाली काय पुरलंय हे बघायला पाच मिनिटं नव्हती माझ्याकडं. आणि तुम्ही, हे वाचून मान हलवताय ते, तुमच्या घरातल्या आरसीसीबीचं टेस्टचं बटण शेवटचं कधी दाबलं होतं? तुमच्या टेस्ट रिपोर्टवर किती ओहम आहेत? दोनच ना? उठा आणि बघा जावा, फोन ठेवा खाली.

परवा खड्डा मारला. माती भुसभुशीत होती तिथं, नर्सरीचा कडुनिंब पुरला होता तिथंच. पाइप घातला, नवीन आरसीसीबी बसवली, गिझरचं कॉइल बदललं. मीटर लावून मोजलं तर ३.४ ओहम आलं, खरं आलं, माझ्यासमोर आलं. आई प्लॅस्टरचा हात गळ्यात अडकवून पायरीवर बसून बघत होती. ऑफिसात जाऊन म्हणालो रिपोर्टवर ३.४ करून द्या. म्हणाले, दोन चांगलं आहे की, कशाला वाढवताय, बदलायचं तर नवीन अर्ज करा.