डिचोलीचा वाद आणि न झालेली मोजणी

चतुर्थीला गोव्यातल्या डिचोलीच्या घरी गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधता बांधता वाद होणारच. यंदा तो आरोग्याच्या डिजिटल नोंदींवरून झाला. आपले आजार सरकारी संगणकात जाणार, याला काकांचा कडवा विरोध. आणि खाणींच्या धुळीमुळे आपल्याकडे व्यंग असलेली मुले जास्त जन्मतात, हेही काकाच ठामपणे सांगतात. इंग्लंडमध्ये स्विंडनला परतल्यावरही ही दोन मते माझ्या मनात एकमेकांशी भांडत आहेत.

खाणी २०१२ मध्ये थांबल्या, पुढे सुरू झाल्या आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा बंद पडल्या. तालुक्यात जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या व्यंगाची सलग नोंद असती, तर या तिन्ही काळांची तुलना करता आली असती. आज काकांचे म्हणणे खरे ठरवता येत नाही आणि खाणवाल्यांना ते खोडूनही काढता येत नाही.

डॉक्टरांच्या नजरेला सगळेच दिसते असे नाही. गरोदर बायकांना दिल्या जाणाऱ्या थॅलिडोमाइड या औषधाचा धोका १९६१ मध्ये लक्षात आला, कारण हातपाय खुंटलेली बाळे एरवी फारच विरळा. पण हृदयाला छिद्र असलेली दहा बाळे जास्त जन्मली, तर ती दहा इस्पितळांत विखुरतील आणि कोणालाच कळणार नाही. माझ्या भाचीचेच पाहा. तिच्या डिस्चार्ज कार्डावर सारे काही सामान्य आहे. हृदयातले छिद्र जन्मानंतर सहाव्या आठवड्यात दुसऱ्या डॉक्टरांना सापडले आणि शस्त्रक्रिया तिसरीकडेच झाली. मुलांमधली व्यंगे आणि आजार शोधणारा सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, पण त्याची तपासणी मुख्यतः सरकारी प्रसूतिगृहे, अंगणवाड्या आणि सरकारी व अनुदानित शाळांतून चालते.

इंग्लंडमधील जन्मजात व्यंगांच्या राष्ट्रीय नोंदवहीत सोनोग्राफी, प्रयोगशाळा, प्रसूतिगृह आणि बालरोग विभाग यांच्याकडून आलेली एकाच बाळाची माहिती जुळवली जाते. त्यासाठी पालकांची आगाऊ संमती घेत नाहीत. कायद्याने तशी मुभा दिली आहे, मात्र नको असेल त्याला आपली नोंद काढून घेता येते. हे गोव्यात जसेच्या तसे चालेल असे मला वाटत नाही. वाड्याचे नाव आणि आडनाव कळले की आमच्याकडे घर ओळखू येते, आणि पुढे मुलीच्या लग्नाच्या वेळी ती गोष्ट कोणीतरी हमखास काढते. काकांची भीती म्हणूनच मला पोकळ वाटत नाही. नावे कुलुपात ठेवावीत आणि आकडे तालुक्याच्या खाली फोडू नयेत, इतके तरी पाळावेच लागेल.

निघण्याआधी वहिनीने भाचीची प्लास्टिकची पिशवी काढली आणि मी एकेका कागदाचा मोबाइलवर फोटो घेतला. सोनोग्राफीच्या गुळगुळीत कागदावरची छपाई पार उडाली होती. पाचव्या महिन्याच्या चित्रावर फक्त तारीख वाचता आली.