कॅराव्हॅन, ट्रेलर आणि लायसन: डिचोलीच्या वाचकाच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

कॅराव्हॅन (आत राहायची सोय असलेली व्हॅन) आणि ट्रेलरवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाचं लायसन असलं की साडेसात टनांपर्यंतची गाडी चालवता येते, सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलंय. मग मोठ्या व्हॅनला आणि ट्रेलरला ‘वेगळी परीक्षा हवी’ असं लिहून मी लोकांना उगाच घाबरवतोय, परदेशातले नियम आपल्या माथी मारतोय आणि पर्यटनावर पोट भरू पाहणाऱ्या गोव्यातल्या मुलांच्या पोटावर पाय देतोय. शिवाय इंग्लंडमधल्या स्विंडनहून येणारा तुमचा भाचा इथे चार टनांची व्हॅन चालवू शकेल का, असं तुम्ही विचारलंय, त्याचं उत्तर शेवटी आहे.

कायद्याबद्दल तुमचं बरोबर आहे, आणि मूळ लेखातही तेच होतं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात हलक्या वाहनाची मर्यादा ७५०० किलो आहे. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हेही स्पष्ट केलं, की गाडीचं एकूण वजन या मर्यादेत असेल तर एलएमव्हीवाल्याला लायसनवर ट्रान्स्पोर्टची, म्हणजे धंद्याची गाडी चालवण्याची, वेगळी नोंद लागत नाही. टेम्पो ट्रॅव्हलरच्या चासीवर बांधलेली व्हॅन यात आरामात बसते. मोठ्या बसच्या चासीवरची मोटरहोम बसत नाही. तिला हेवी लायसन लागतं, आणि ते काढायच्या आधी किमान वर्षभर एलएमव्ही हातात असावं लागतं. इथवर आपलं भांडण नाहीच.

पण तो निकाल कोणत्या प्रश्नावर आला ते बघा. चालकाकडे ट्रान्स्पोर्टची नोंद नव्हती म्हणून विमा कंपन्या अपघाताची भरपाई द्यायला नकार देत होत्या. चालकांच्या रोजीरोटीचा प्रश्न होता, आणि न्यायालयाने तो सोडवला याचा मला आनंद आहे. मात्र लायसन चालतं म्हणजे हात बसला असं होत नाही. आपल्याकडे एलएमव्हीच्या टेस्टला मुलगा छोटी गाडी घेऊन जातो, मागे घेत एच काढतो, चढावर थांबवून गाडी पुढे नेतो आणि पास होतो. त्याच कार्डावर त्याला पाण्याची भरलेली टाकी, गॅस सिलिंडर आणि आत झोपलेली माणसं घेऊन चोर्ला घाट उतरता येतो. चार टनांची गाडी उतारावर खालच्या गिअरमध्ये धरून ठेवायची असते, नाहीतर ब्रेक तापून पकड सुटते, हे त्याला कोणी विचारलेलंच नसतं.

ट्रेलरचं तर त्याहून वाईट. ट्रेलरची स्वतःची नोंदणी लागते, पण तो ओढणाऱ्या माणसाची वेगळी परीक्षा नाही. ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या एका खटल्यात २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंच आहे, की मागे ट्रेलर जोडला म्हणून चालकाचं लायसन निकामी होत नाही. कायद्याने ठीक. आता प्रत्यक्ष मागे घेऊन बघा. ट्रेलरची शेपटी डावीकडे न्यायची तर स्टिअरिंग आधी उजवीकडे फिरवावं लागतं, आणि ट्रेलर वळायला लागला की लगेच डावीकडे आणून त्याच्या मागोमाग जावं लागतं. यात जरा उशीर झाला की दोन्ही गाड्या हुकापाशी दुमडतात आणि ट्रेलरचा कोपरा गाडीच्या मागच्या दिव्यात घुसतो. मग पुढे जाऊन सरळ करण्यावाचून गत्यंतर नाही. हरमल-मांद्र्याच्या आतल्या रस्त्यांवर एका बाजूला चिऱ्यांचा गडगा, दुसऱ्या बाजूला शेत, मागे कदंबाची बस उभी. पुढे जाणार कुठे?

वळणावर ट्रेलरची चाकं गाडीच्या चाकांपेक्षा आतून जातात, हेही नवख्याला गडग्याला घासल्यावरच कळतं. आणि सामान ट्रेलरच्या मागच्या अर्ध्यात कोंबलं की हुकावरचा भार उतरतो, मग उतारावर वेग वाढताच ट्रेलर डोलायला लागतो. घाबरून स्टिअरिंग झटकलं की संपलं. या गोष्टी तासाभरात शिकवता येतात. त्या कोणी शिकवत नाही, याचाच मला राग आहे.

परदेशाचं म्हणाल तर तिथे सगळंच कडक आहे असं मी कधी म्हटलं नाही. ब्रिटनने १६ डिसेंबर २०२१ पासून ट्रेलरची वेगळी परीक्षा काढून टाकली, साध्या लायसनवर ३५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो. टेक्सासमध्ये खासगी मोटरहोमला वेगळा वर्ग लागतो तो २६,००० पौंडांच्या, म्हणजे सुमारे ११,८०० किलोंच्या वर. मला पटते ती युरोपीय संघाची पायरी-पायरीची रीत. साध्या ‘बी’ लायसनवर ३५०० किलोची गाडी आणि ७५० किलोचा ट्रेलर, त्याहून जड ट्रेलर लावून जोडीचं वजन ३५०० च्या वर ४२५० किलोपर्यंत न्यायचं तर थोडं प्रशिक्षण किंवा परीक्षा, त्यापुढे ‘बीई’ हा जड ट्रेलरचा वेगळा वर्ग. आपण साडेतीन टनांवर एक पायरी ठेवली आणि ट्रेलरसाठी अर्ध्या दिवसाची प्रात्यक्षिक परीक्षा घेतली, तर कोणाचं काय बिघडेल?

मुलांच्या पोटाबद्दल बोलायचं तर त्यांचं खरं नुकसान दुसरीकडेच होतं. केंद्राच्या २००४ च्या अधिसूचनेत कॅम्पर व्हॅन दोन्ही याद्यांत आहे: खासगी वापराची नॉन-ट्रान्स्पोर्ट, बाकीची ट्रान्स्पोर्ट. आपल्याकडे पांढऱ्या नंबरपाटीची, म्हणजे खासगी नोंदणीची गाडी ‘मित्राला दिली’ म्हणत भाड्याने फिरते, हे गोव्यात कोणाला सांगायला नको. कर्ज काढून व्हॅन घेतलेला मुलगा तेच करतो आणि अपघात झाला की विम्याचा दावा पाटीवरच अडतो. व्हॅन जाते, हप्ते राहतात. रीतसर नोंदलेली गाडी आणि हाताशी शिकलेला चालक असेल तर तोच मुलगा पर्यटकाकडून दोन पैसे जास्त मागू शकतो.

आता भाचा. त्याच्याकडे फक्त ब्रिटिश लायसन असेल आणि परीक्षा १ जानेवारी १९९७ नंतर दिलेली असेल, तर साध्या ‘बी’वर त्याची हद्द ३५०० किलोची. भारतासाठी त्याला १९४९ च्या करारातलं आंतरराष्ट्रीय परमिट काढावं लागेल, आणि त्यातही ‘बी’ची हद्द तितकीच आहे. चार टनांची व्हॅन त्यात बसत नाही. मात्र त्याचं गोव्यातलं जुनं एलएमव्ही लायसन अजून वैध असेल, तर त्यावर तो तीच व्हॅन कायदेशीर चालवू शकतो. आधी लायसनची मुदत तपासा, मग व्हॅनच्या आरसीवरचं एकूण वजन बघा, आणि भाड्याची असेल तर पाटी काळी आणि अक्षरं पिवळी आहेत ना, तेही बघा.