मानेत प्लेट आहे? मग तो ‘झटक्या’चा मेसेज आधी डिलीट करा

‘मानेचं ऑपरेशन म्हणजे शुद्ध फसवणूक’ असा एक मेसेज सध्या डिचोली-साखळीपासून फोंड्यापर्यंत ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. मणके जोडले की मान लाकडासारखी होते, ते जोडायला आत स्क्रूने बसवलेली धातूची प्लेट गोव्याच्या खाऱ्या हवेत गंजते, नंतर जन्मात एमआरआय करता येत नाही, ऑपरेशननंतरही दुखतंय म्हणजे ते फेल गेलं, आणि यावर उपाय काय तर ‘जाणकाराकडून’ मानेला एक झटका. माझ्या मावशीचे मानेतले पाचवा-सहावा मणके जोडलेत. तिने हे वाचून असा झटका देणारा कोणी आहे का म्हणून मलाच फोन केला, नाहीतर असले मेसेज मी उघडतही नाही.

फुटकळ गोष्टी आधी उरकतो. या प्लेटी बहुतेक टायटॅनियमच्या असतात, पेडण्याच्या किनाऱ्यावरचं लोखंडी गेट गंजतं म्हणून त्या गंजत नाहीत, आणि मानेच्या आत खारी हवा शिरते कुठून देव जाणे. एमआरआय बहुतेकदा होतो, प्लेट आहे हे आधी सांगायचं, तेवढा भाग जरा धूसर येतो. आणि डोकं डावी-उजवीकडे वळवायचं जवळपास अर्धं काम सगळ्यात वरचे दोन मणके करतात, ते मावशीचे मोकळेच आहेत.

आता झटका. अहो, हाड जुळायलाच कित्येक महिने जातात, त्यात कोणी मान मुरगळली तर स्क्रू ढिला व्हायचा. जुळल्यावरही तो भाग हलत नाही, म्हणजे झटक्याचा सगळा जोर वरच्या-खालच्या सांध्यांवर, ज्यांच्यावर आधीच जास्त ताण असतो. शिवाय मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांतूनच वर जातात, झटक्याने त्यांचं अस्तर फाटून स्ट्रोक आल्याच्या केसेस नोंदलेल्या आहेत. आणि तो ‘कट्ट’ आवाज ऐकून मणका जागेवर बसला म्हणणारे, तो सांध्यातल्या गॅसचा बुडबुडा असतो हो!

राहिलं ‘अजून दुखतंय म्हणजे फेल’. यात थोडं तथ्य आहे, मान्य. कधीकधी हाड जुळतच नाही, सिगारेट ओढणाऱ्यांत जास्त. शेजारचा मणकाही झिजतो, १९९९ साली हिलिब्रँड या अमेरिकन सर्जनने आणि सहकाऱ्यांनी मानेचे मणके जोडलेले ३७४ पेशंट तपासले तर वर्षाला साधारण २.९ टक्के लोकांना शेजारच्या मणक्याचा नवा त्रास सुरू झालेला, दहा वर्षांत जवळपास चौथ्या हिश्श्याला, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना परत ऑपरेशन लागलं. पण त्याच अभ्यासात जास्त मणके जोडलेल्यांना हा त्रास कमी दिसला, म्हणजे सगळं खापर प्लेटवर फोडता येत नाही.

मुळात हे ऑपरेशन असतं दबलेली नस मोकळी करायला. हातात उतरणारी कळ थांबते, मानेचं दुखणं मात्र थोडंफार मागे राहू शकतं. मावशी चवथीला माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळा-फुलांची चौकट, बांधताना वर बघत राहिली की दुसऱ्या दिवशी मान धरलीच, तशीच विळीवर नारळ खवतानाही. म्हणून आता ती माटोळी पोरांकडून बांधून घेते आणि स्वतः खुर्चीत बसून हुकूम सोडते. फिजिओने दिलेले व्यायाम करते, कधी कंटाळाही करते. याला फेल म्हणायचं का?

हां, शर्टाचं बटण लागेनासं झालं, चालताना तोल जायला लागला, लघवीवर ताबा राहिना, तर मात्र ग्रुपवर विचारत बसू नका, त्याच दिवशी सरळ बांबोळीला जीएमसीत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात जा.