अंगठ्याला ३० टक्के, भीतीला किती?

आमच्या फॅमिली ग्रुपवर महिनाभर एकच भांडण चालू आहे. माझा मामेभाऊ बेळगावात सरकारी बसवर कंडक्टर. महाराष्ट्रातल्या चंदगडच्या बाजूच्या रूटवर तिकिटावरून वाद झाला आणि दोघांनी त्याला कॉलर धरून खाली ओढलं, मनगट मोडलं. ते मनगट दीड महिन्यात जुळलं पण, आता गाडीत गर्दी झाली, मागून कोण मोठ्यानं बोललं की त्याला घाम फुटतो, झोप नाही, ड्युटीला म्हणून निघतो आणि स्टँडवरनंच परत येतो. काका म्हणतात नाटकं आहेत ही सगळी, आम्ही उद्यमबागेत फाउंड्रीत तीस वर्षं काढली. मग कुणीतरी मला टॅग करणारच, "तुमच्या कॅनडात टेन्शनलापण पैसे मिळतात म्हणे, सांग की जरा."

सांगतो, पण पूर्ण ऐका. मी इथं ऑन्टारियोत सिटी बस चालवतो. कामावर इजा झाली तर डब्ल्यूएसआयबी नावाचं बोर्ड पैसे देतं, कापाकापी होऊन हातात येणाऱ्या पगाराच्या ८५ टक्के. पैसा मालकांच्या प्रीमियममधून येतो, आणि बदल्यात कामगारानं मालकाला कोर्टात खेचायचं नाही, हा सौदा १९१४ च्या कायद्यापासूनचा. मनाच्या इजेला मात्र बरीच वर्षं अट होती, अचानक काहीतरी भयंकर घडलं असेल तरच. एका नर्सला डॉक्टर बारा वर्षं घालूनपाडून बोलत होता, तिची केस अपील ट्रायब्यूनलमधे गेली आणि २०१४ मधे त्यांनी ठरवलं की ही अटच घटनेविरुद्ध आहे. नंतर १ जानेवारी २०१८ पासून रोज थोडं थोडं साचलेल्या स्ट्रेसलापण दार उघडलं.

दार उघडलं म्हणजे आत घेतलं असं नाही बरं का. साचलेला स्ट्रेस असेल तर त्याचं सगळ्यात मोठं कारण कामच होतं हे दाखवावं लागतं, म्हणजे बायकोशी भांडण, घराचा हप्ता, बापाचं आजारपण, सगळं बाहेर काढून तपासतात. डॉक्टर नाहीतर सायकॉलॉजिस्टचं डायग्नोसिस लागतंच. आणि खरी मेख अशी की मालकानं शिफ्ट बदलली, टार्गेट वाढवलं, बदली केली, नोकरीवरनं काढलं, यानं आलेला स्ट्रेस मोजतच नाहीत. आमच्यातल्या एकाच्या तोंडावर पॅसेंजर थुंकला आणि नंतर ठोसा मारला, कॅमेऱ्यात सगळं आलं, त्याचा क्लेम पास झाला. दुसरी एक बाई शिफ्टच्या उलटापालटीनं अक्षरशः खचली, तिला नकार आला. माझ्या डोळ्यांना दोघंही सारखेच आजारी दिसत होते.

अजून एक, पुण्या-बंगळूरची आयटीवाली पोरं कॅनडाचं उदाहरण देतात ना, इथं सॉफ्टवेअर कंपन्यांना आणि बँकांना या बोर्डात यायची सक्तीच नाही! पोलीस, फायर ब्रिगेड, अ‍ॅम्ब्युलन्सवाले यांना पीटीएसडी, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मनात बसून राहणारी भीती, झाला तर तो कामामुळंच हे २०१६ पासून धरूनच चालतात, बसवाल्यांना मात्र सिद्ध करावं लागतं. शेजारच्या मॅनिटोबात त्याच वर्षी सगळ्याच कामगारांना ती सवलत दिली.

आता आपल्याकडं. १९२३ चा नुकसानभरपाईचा कायदा, तो आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेलाय, पण त्यातला तक्ता बघा. अंगठा गेला तर कमावण्याची ताकद ३० टक्के गेली असं धरतात, एक डोळा गेला तर ४०. धंद्यामुळं होणाऱ्या रोगांच्या यादीत शिसं आहे, पारा आहे, सिलिकोसिस आहे, मनाचं काही नाही. काकांच्या फाउंड्रीतल्या २१,००० च्या आत पगार असलेल्या पोरांना ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा आहे, त्याच्या लांबच्या आजारांत सायकोसिस, म्हणजे भान सुटायचा मनाचा आजार, येतो, पण आजार म्हणून, कामानं झाला म्हणून नव्हे. २००६ मधे सुप्रीम कोर्टात गाडीवरच्या एका क्लीनरच्या हार्ट अटॅकची केस होती, कोर्टानं सांगितलं नुसता ड्युटीवर असताना मेला एवढ्यानं भागत नाही, कामाच्या ताणाचा पुरावा आणा. हार्ट अटॅकची ही गत, तर भीतीचं कोण ऐकणार.

आणि आमच्या पट्ट्यात कंडक्टरचं काम म्हणजे काय ते पुणे-मुंबईच्या लोकांना कळणार नाही. शक्ती योजना आल्यापासून बायकांना तिकीट फुकट पण फक्त कर्नाटकातल्या, म्हणजे हा आधार कार्ड बघत बसणार, कोण बेळगावची कोण चंदगडकडची, वर शून्य तिकीट फाडायचं राहिलं तर चेकिंगवाला मेमो देणार, आणि हे सगळं कुठल्या भाषेत बोलायचं त्याचं वेगळंच टेन्शन. फेब्रुवारी २०२५ मधे बेळगावजवळ भाषेवरून एका कंडक्टरला मारलं, लगेच चित्रदुर्गात महाराष्ट्राच्या बसच्या ड्रायव्हरला काळं फासलं, दोन्हीकडच्या गाड्या बंद पडल्या. टीव्हीवर मराठी-कन्नड, मराठी-कन्नड. मीपण सीमाभागातलाच, मला काय ते कळत नाही असं नाही, पण त्या दोघा माणसांना नंतर झोप लागते का हे कुणी विचारलं? मार मराठीनं खाल्ला काय, कन्नडनं खाल्ला काय, दुसऱ्या दिवशी गाडीवर चढायचं असतं.

म्हणून मला वाटतं आपल्याकडं एकदम "सगळ्या टेन्शनला भरपाई" मागायला जाऊ नये, कुणी दारात उभं करणार नाही. आधी एवढंच मागावं की ड्युटीवर मारहाण झाली, तारीख आहे, पोलीस कम्प्लेंट आहे, तर मनगटाबरोबर डोक्याचीपण तपासणी करा आणि तीपण इजा म्हणून लिहा. काका म्हणतात मग सगळेच रडत येतील. येऊ देत की. ऑन्टारियोत पुरावा मागून मागून घाम काढतात, खोटा माणूस अर्ध्या वाटेतच कंटाळतो. (खरापण कंटाळतो, ते वेगळं.)

डेपो मॅनेजर चांगला निघाला, त्यानं भावाला महिनाभर ऑफिसात बसवलं, पण लिहायचं काय हे त्यालापण कळेना, शेवटी "मनगट दुखी" लिहिलं. मी म्हटलं धारवाडला डिमहान्समधे, मनाच्या आजारांच्या सरकारी दवाखान्यात जा, कागद तरी होईल. मामी भडकली, आमच्यात "धारवाडला पाठवा" म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. गेल्या मंगळवारी तो एकटाच गेला. केसपेपरचा फोटो फक्त मला पाठवलाय, ग्रुपवर टाकू नको म्हणाला, काकांना तर अजिबात सांगू नको.