डॉक त्या हॉटेलातून लगेच उठला का नाही?

काल रात्री 'दि अ‍ॅस्फाल्ट जंगल' परत बघितला, चौथ्यांदा असेल, दीड वाजता संपला आणि मग झोपच लागेना म्हणून हे लिहितेय. १९५० चा जॉन ह्यूस्टनचा ब्लॅक अँड व्हाइट पिक्चर, दागिन्यांच्या दुकानावरचा दरोडा. शेवट सांगणारे, ज्यांना बघायचाय त्यांनी इथेच थांबा.

"प्लॅन फसला" असं सगळे म्हणतात ते मला पटत नाही. जेलमधून नुकताच सुटलेला म्हातारा डॉक, त्याने सगळं चोख आखलेलं असतं. पण तिजोरी नायट्रोग्लिसरीनने उडवतात आणि त्या हादऱ्याने शेजारपाजारच्या इमारतींचे अलार्म ठणाणा वाजायला लागतात, वॉचमन येतो, टोळीतला डिक्स त्याला लोळवतो तर वॉचमनचं पिस्तूल खाली पडून गोळी सुटते ती नेमकी तिजोरी फोडणाऱ्या लुईच्या पोटात! त्यात पैसे द्यायचं कबूल केलेला वकील स्वतःच कंगाल, तो माल घेऊन पळायच्या बेतात.

तरी डॉक निसटतो हो. दागिने कोटात शिवलेले, टॅक्सी ठरवलेली, शहराबाहेर पोचलेला. वाटेत एका छोट्या हॉटेलात थांबतो, तिथे एक पोरगी, तिच्याकडची नाणी संपलीयेत म्हणून ज्यूकबॉक्स बंद. हा तिला नाणी देतो, ती नाचायला लागते आणि हा बघत बसतो. टॅक्सीवाला चला म्हणतो तरी उठत नाही. खिडकीच्या पट्ट्यांमधून दोन पोलीस आत बघतायत ते आपल्याला दिसतं, त्याला नाही. या पिक्चरला पार्श्वसंगीत फक्त सुरुवातीला आणि शेवटी आहे, मध्ये नुसते आवाज, त्यामुळे ते गाणं वाजायला लागलं की पोटात खड्डाच पडतो. पकडल्यावर तो पोलिसांना विचारतो, तुम्ही किती वेळ बाहेर होतात? दोनतीन मिनिटं. म्हणजे एका रेकॉर्डएवढा वेळ. डॉक झालेल्या सॅम जॅफेने हे इतकं शांतपणे केलंय की मला दर वेळी रडू येतं. याला हाव म्हणू नका प्लीज. आयुष्याची एवढी वर्षं तुरुंगात गेलेला माणूस आहे तो, त्याला एक नाच पूर्ण बघायचा होता.

आणि डिक्स. हे काम स्टर्लिंग हेडनचं. सगळ्यांना वाटतं नुसता दांडगा गुंड, पण त्याला पैसा हवाय तो केंटकीतलं बापाचं गेलेलं शेत सोडवायला. ज्या वर्षी वडील गेले, मका बुडाला, त्याच वर्षी काळ्या शिंगराचा पाय मोडला आणि त्याला गोळी घालावी लागली, हे तो त्याच्यावर जीव असलेल्या डॉलला सांगतो तेव्हा त्याचा चेहरा बघा. जमीन हातची गेलेल्या घरातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

शेवटी अंगात गोळी घेऊन तो गाडी हाणत त्या शेतावरच जातो. कुंपणातून आत शिरतो, कसाबसा चालतो, कुरणात कोसळतो. घोडे हळूहळू जवळ येतात आणि त्याला हुंगत राहतात.