पाच मिनिटांत सहा मिलिमीटर

गेल्या मार्चमध्ये मी ऑफिसात रडायला लागलो. म्हणजे लोकांचं तसं म्हणणं होतं. वर्षअखेरचे हिशेब, समोर एक्सेलचा पसारा, बरोबर डोक्यावर एसीचा झोत आणि चारच्या सुमाराला गालांवरून घळाघळा पाणी. शेजारच्या टेबलावरच्या मॅडम दोन दिवस गप्प बसल्या. तिसऱ्या दिवशी आलेपाकाची वडी पुढे करत हळूच म्हणाल्या, "घरी सगळं ठीक आहे ना?"

घरी ठीकच होतं. घरी पोचेपर्यंत मात्र हाल. कर्वे रोडवर मेट्रोच्या खांबांकडेने स्कूटर हाकताना डोळ्यांत कुणीतरी चिमूटभर रांगोळी सोडल्यासारखं वाटायचं.

उपचार अर्थातच स्वयंपाकघरातून सुरू झाले. आईने गुलाबपाणी काढलं. सासूबाईंनी फोनवरून एरंडेल सुचवलं. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने मी पुरतं तोंड उघडायच्या आत डोळे पांढरे करणारे थेंब हातात ठेवले. ते घातले की तासभर डोळे बोहल्यावर उभं राहण्यालायक दिसत, आणि मग पहिल्यापेक्षा लाल.

शेवटी टिळक रोडवरच्या एका दवाखान्यात गेलो. डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाच्या. यंत्रातून बघून म्हणाल्या, "काका, डोळे कोरडे पडलेत."

"अहो, पाणी वाहतंय!"

"म्हणूनच."

हे 'म्हणूनच' कळायला मला दोन मिनिटं लागली. पुण्यात एप्रिल-मे काढलेला माणूस असल्यामुळे दोनच. नळाला बारीक धार का होईना, रोज येत असली की कुणी बोंब मारत नाही. ती आटली की आरडाओरडा होतो आणि टँकर येतो. येतो तो धो धो येतो, निम्मं पाणी रस्त्यावर सांडतो, आणि तो गेला की हंडे पुन्हा कोरडेच. माझ्या गालांवरून वाहत होता तो टँकर. डोळ्याला हवी असते ती रोजची, कुणाला न दिसणारी बारीक धार.

मग चौकशी सुरू झाली. तोंडही कोरडं पडतं का? सांधे दुखतात का? एका आजारात शरीराची प्रतिकारशक्ती अश्रूंच्या आणि लाळेच्या ग्रंथींवरच उलटते, म्हणून हे विचारावं लागतं म्हणे. बायको सोबत होती. "यांचं तोंड? दिवसभर चालू असतं, पण कोरडं नाही पडत," तिने परस्पर निकाल दिला. शिंकांसाठी काही घेता का? घेतो की, रोज रात्री एक सेटिरिझिन, चार महिने झाले. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ही गोळी नाकाचा नळ बंद करताना डोळ्यांचाही थोडा आवळते, हे मला त्या दिवशी कळलं.

पुढे डोळ्यांत नारिंगी रंग घालून निळ्या उजेडात, "आता पापणी मिटू नका." अश्रूंचा पडदा किती वेळ अखंड राहतो ते बघायचं होतं. निदान १० सेकंद राहावा. माझा चौथ्या सेकंदाला फाटला. कारण तेल. पाण्यावर तेलाचा पातळ तवंग असतो, तो पाणी उडून जाऊ देत नाही. हे तेल पापण्यांच्या कडेच्या बारीक ग्रंथींतून येतं आणि माझ्या ग्रंथींत ते डिसेंबरातल्या खोबरेलासारखं थिजलं होतं. खोबरेलाची बाटली आपण गरम पाण्यात उभी करतो. इथे बाटलीच्या जागी मी.

मग आली कागदाची पट्टी. खालच्या पापणीत अडकवून पाच मिनिटं बसायचं आणि ती किती मिलिमीटर भिजते ते मोजायचं. डोळ्यांतून दोन पट्ट्या लोंबताहेत आणि समोर बायको हसू दाबते आहे. ती पाच मिनिटं वधूपरीक्षेपेक्षा लांब होती. १० च्या पुढे हवं होतं. माझे सहा.

औषध म्हणजे खोटे अश्रू. दिवसातून सहा वेळा घालायचे, म्हणून प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले, कारण ते जास्त वेळा गेलं तर स्वतःच डोळ्याला बोचतं. पहिल्या आठवड्यात माझं कपाळ, मिशी आणि शर्टाची कॉलर यांची कोरडेपणाची तक्रार पूर्ण दूर झाली. बाटली फोडली की महिन्याने टाकायची. "अजून अर्धी आहे की," हे आमच्याकडे प्रत्येक महिनाअखेरीला होतं. रात्री दहा मिनिटं गरम रुमालाचा शेक, मग पापण्यांच्या कडा पुसायच्या. स्क्रीन नजरेच्या खाली, एसीचा झोत दुसरीकडे (तो आता मॅडमच्या डोक्यावर आहे. आलेपाक बंद झाला).

सगळ्यांत अवघड काम पापणी मिटणं. माणूस मिनिटाला साधारण १५ वेळा ती मिटतो, स्क्रीनपुढे बसला की तिसऱ्या हिश्शावर येतो. माझी तर तेवढीही पुरती मिटत नव्हती. पुणेकर लाल सिग्नलला थांबतो तशी ती अर्ध्यावर येऊन, इकडे-तिकडे बघून, परत निघायची.

हे सगळं तळमजल्यावरच्या काकांना सांगायला नको होतं. ते वेधशाळेतून निवृत्त झालेत. मिलिमीटर म्हटल्यावर त्यांचे डोळे चमकले.

"सहा मिलिमीटर? किती वेळात?"

"पाच मिनिटांत."

"म्हणजे तासाला ७२! अहो, २४ तासांत ६५ पडला तर सरकार अतिवृष्टी धरतं, पंचनामे होतात. आणि तुम्ही अवर्षण म्हणताय?"

तेव्हापासून जिन्यात भेटले की 'कसं काय' वगैरे नाही. "आज काय आकडा?" एवढंच.

तीन महिन्यांनी परत पट्टी लावली. नऊ. डॉक्टर खूश, मी खूश. गोळी सुटली होती, खोबरेल वितळलं होतं. घरी येताना काका फाटकाशीच उभे.

"नऊ," मी स्कूटरवरूनच सांगितलं.

त्यांनी बोटांवर हिशेब केला. "१०८. तासाला १०० च्या वर." क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल आदर उमटल्याचा मला भास झाला. मग त्यांनी मान हलवली. "पण ढगफुटी म्हणता येणार नाही. त्याला वीस-तीस चौरस किलोमीटरचं क्षेत्र लागतं. तुमचा डोळा बसत नाही त्यात."