कर्नल अपडेट केलं आणि नेट गेलं, म्हणून कार्ड गेलं असं नसतं

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरतोय, मलाच तो तीन ग्रुपवर आलाय. म्हणणं असं की लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचं कर्नल, म्हणजे हार्डवेअर चालवणारा तिचा गाभा, अपडेट केलं की नेटवर्क कार्ड जळतं, नवीन घ्यावं लागतं, त्याआधी कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, आणून टाकून बघा, सिक्युअर बूट (फक्त सही केलेलं सॉफ्टवेअरच चढू देणारी सोय) बंद करा, तरी नाही जमलं तर फॉरमॅट मारा आणि इथून पुढे कर्नल अपडेट कायमचं बंद ठेवा. पाच गोष्टी आहेत, पाचही एकेक करून घेतो, कारण हे वाचून लोक खरंच खिशातले पैसे घालवतायत आणि ते बघवत नाही.

पहिली गोष्ट, कार्ड जळतं. मी नवी पेठेतल्या एका अभ्यासिकेतली मशिनं बघतो. मागे एकदा संध्याकाळी स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी एक मुलगी लॅपटॉप घेऊन आली, म्हणाली दादा वायफायच दिसत नाहीये, काल अपडेट मारलं तेव्हापासून, दुकानात दाखवलं तर म्हणाले कार्ड गेलं, बाराशे रुपये होतील. फॉर्म भरायची शेवटची तारीख तीच होती, रात्री बारापर्यंत. मी म्हटलं आधी रीस्टार्ट कर. लोगो यायच्या आधी एस्केप दाबलं, काळा मेनू आला, त्यात अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स उघडलं तर दोन कर्नल दिसली, वरती ६.८ आणि खाली ५.१५. खालचं निवडलं, एंटर. डेस्कटॉप आला आणि कोपऱ्यात वायफायचं चिन्ह आलं, आजूबाजूच्या बिल्डिंगमधल्या सगळ्या राउटरची नावं एकाखाली एक दिसायला लागली. तिला म्हटलं तू आधी फॉर्म भर, दुरुस्ती नंतर.

आता विचार करा, कार्ड खरंच जळलं असतं तर जुन्या कर्नलवर तरी कसं चाललं असतं? कार्ड म्हणजे हार्डवेअर, त्याला चालवणारा ड्रायव्हर वेगळा, आणि लिनक्समध्ये तो ड्रायव्हर त्या त्या कर्नलसाठी बांधलेला, म्हणजे कंपाइल केलेला, असतो. नवं कर्नल आलं की त्याच्या मॉड्यूल्सचं, म्हणजे ड्रायव्हरच्या फायलींचं, वेगळं फोल्डर येतं, जुन्या फोल्डरमधलं मॉड्यूल नव्याला चालत नाही. अपडेट करताना उबंटू, म्हणजे तिच्या लॅपटॉपवरचं लिनक्स, आधीचं कर्नल ठेवतं ते याचसाठी, की नव्यात काही अडलं तर परत जाता यावं. ही दोन मिनिटांची तपासणी आहे, फुकट आहे, आणि मेसेजमध्ये तिचा उल्लेखसुद्धा नाही, मला राग येतो तो याचा.

खात्री करायची तर टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, एलएसपीसीआय ही कमांड द्या, पुढे डॅश एनएनके (lspci -nnk). कार्डाचं नाव दिसलं म्हणजे कार्ड जिवंत आहे, मशीनला ते सापडतंय. त्याखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' अशी ओळ पाहिजे, ती नसेल तर ड्रायव्हर चढलेला नाही, एवढाच अर्थ. आतलं कार्ड दोन्ही कर्नलवर यादीतच दिसत नसेल तर मात्र मशीन पूर्ण बंद करा, चार्जर काढा, थोडा वेळ तसंच ठेवा आणि परत बघा. विंडोजही त्याच मशीनवर असेल तर त्याचं फास्ट स्टार्टअप बंद करून बघा, कारण त्यात विंडोज कार्डाला अर्धवट झोपेत सोडून जातं. एवढं करूनही दिसलं नाही तर कार्ड सैल झालंय किंवा गेलंय असं म्हणायला जागा आहे, त्याआधी नाही.

आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर कर्नलमुळे कार्ड खरंच निकामी झाल्याचं एक प्रकरण आहे, ते लपवत नाही. २००८ साली २.६.२७ कर्नल तयार होत असताना, म्हणजे चाचणीच्या आवृत्त्यांमध्ये, इंटेलच्या ई१०००ई ड्रायव्हरवर चालणाऱ्या कार्डांच्या आतली मेमरी खराब व्हायला लागली आणि कार्डं बंद पडली. संशय आधी ड्रायव्हरवर होता, शेवटी कारण निघालं एफट्रेस, म्हणजे कर्नलमधलीच दुसरी यंत्रणा, ती चुकीच्या जागी लिहीत होती. कार्डं बंद पडतायत हे चाचणी चालू असतानाच लक्षात आलं, ड्रायव्हरमध्ये ती मेमरी राखायची सोय केली, आणि कारण कळल्यावर एफट्रेसचा तो भाग बंद केला. इतकं गाजलं ते इतकं दुर्मिळ होतं म्हणूनच, तुमच्या कालच्या अपडेटशी त्याचा संबंध जोडू नका.

दुसरी गोष्ट, कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर आणा. ही सवय विंडोजची आहे, आणि बऱ्याचदा बिघाडाचं मूळच इथे असतं. त्या मुलीच्या लॅपटॉपमध्ये रियलटेकचं ८८२१सीई कार्ड होतं, स्वस्त लॅपटॉपमध्ये खूप सापडतं. तिच्या भावाने उबंटू २०.०४ असताना बाहेरून ड्रायव्हर आणून बसवला होता, तेव्हा ५.४ कर्नल होतं आणि त्यात या कार्डाचा ड्रायव्हर नव्हताच, त्यामुळे त्या वेळी ते बरोबरच होतं. पण ५.९ पासून हा ड्रायव्हर कर्नलमध्येच आला. पुढे बाहेरच्याशी भांडण नको म्हणून भावाने कुठलं तरी मार्गदर्शन वाचून आतल्याला, म्हणजे कर्नलमधल्या ड्रायव्हरला, ब्लॅकलिस्ट केलं, मग मशीन २२.०४ वर गेलं, ५.१५ वर बाहेरचा ड्रायव्हर बांधला गेला, ६.८ वर नाही बांधला गेला कारण त्याचा सोर्स कोड जुना. म्हणजे बाहेरचा चढत नाही आणि आतल्याला चढायची बंदी, कार्ड बिचारं मधल्या मध्ये.

असे बाहेरचे ड्रायव्हर प्रत्येक नव्या कर्नलसाठी आपोआप परत बांधायचं काम डीकेएमएस (DKMS) नावाचं टूल करतं. त्याला त्या कर्नलचे हेडर्स, म्हणजे बांधणीसाठीच्या फायली, लागतात, ते नसले तर बांधणी होत नाही, अपडेट मात्र पूर्ण झाल्यासारखं दिसतं, एरर वरती सरकून जाते आणि कोणी वाचत नाही. टर्मिनलमध्ये डीकेएमएस स्टेटस (dkms status) विचारलं की कुठल्या कर्नलसाठी बांधलंय ते सरळ कळतं. आम्ही काय केलं, नव्या कर्नलमध्ये गेलो, मोबाईल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू केलं म्हणजे नेट मिळालं, बाहेरचा ड्रायव्हर काढला, मॉडप्रोब, म्हणजे ड्रायव्हर चढवणारी कमांड, तिच्या फोल्डरमधली ब्लॅकलिस्टची ती एक ओळ पुसली, रीस्टार्ट. ६.८ वर आतला ड्रायव्हर चढला. शून्य रुपये.

केबलच्या कार्डांमध्येही हेच होतं. रियलटेकच्या ८१६८ कार्डासाठी कर्नलमध्ये आर८१६९ हा ड्रायव्हर आहे, कोणीतरी आर८१६८ चं डीकेएमएस पॅकेज टाकतं, ते आर८१६९ ला ब्लॅकलिस्ट करतं, आणि एखाद्या अपडेटला पॅकेज बांधलं गेलं नाही की दोन्ही गेले. कधी फर्मवेअरची, म्हणजे कार्डाच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरची, फाईलच नसते, तेव्हा डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदी दाखवणाऱ्या dmesg कमांडमध्ये, फर्मवेअर शब्द शोधला की फाईलचं नाव धडधडीत लिहिलेलं सापडतं.

अजून एक, कर्नलवर फुकट खापर फुटतं तो प्रकार. ओळखीच्या एका ऑफिसात सर्व्हरला एनव्हीएमई डिस्क (वेगवान एसएसडी) बसवली आणि त्याच रीस्टार्टला नवं कर्नल चढलं, नेट गायब. कार्डाचं नाव ईएनपी२एस० होतं ते ईएनपी३एस० झालं होतं, कारण हे नाव कार्ड कुठल्या बसवर, म्हणजे मशीनच्या आतल्या कुठल्या जोडणीवर, आहे त्यावरून पडतं आणि नव्या डिस्कमुळे बसचे नंबर सरकले. नेटप्लॅनच्या, म्हणजे नेटवर्कच्या सेटिंगच्या, फाईलमध्ये जुनंच नाव. एक आकडा बदलला, झालं. नेहमीचा उपाय म्हणजे तिथे मॅक अ‍ॅड्रेसवरून, म्हणजे कार्डाच्या स्वतःच्या नंबरवरून, कार्ड ओळखायला सांगायचं.

सिक्युअर बूट बंद करा, हे अर्धं खरं आहे आणि म्हणूनच जास्त पसरतं. डिस्ट्रोच्या, म्हणजे उबंटूसारख्या तयार लिनक्सच्या, कर्नलसोबत येणारे ड्रायव्हर सही केलेले असतात, त्यांना सिक्युअर बूटची अडचण नसते. अडचण येते ती बाहेरून बांधलेल्यांना, मॉडप्रोब केलं की 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' असं येतं. पण त्यासाठी आपली किल्ली नोंदवायची सोय आहे. ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात, पुढच्या रीस्टार्टला निळा स्क्रीन येतो, तिथे 'एनरोल मॉक' निवडून तोच पासवर्ड टाकायचा. बहुतेक जण घाबरून किंवा घाईत कंटिन्यू दाबतात आणि मग ड्रायव्हर चढत नाही म्हणून रडतात. दुसऱ्या पार्टिशनवर विंडोज आणि त्यात बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, असेल तर सिक्युअर बूट बंद केल्यावर तो रिकव्हरी की मागू शकतो, आणि ती कुठे ठेवलीय हे किती जणांना माहीत असतं?

फॉरमॅटबद्दल थोडक्यात. फॉरमॅट मारल्यावर चालतं हे खरं, पण का चालतं, तर इन्स्टॉल करायच्या पेनड्राईव्हमध्ये जुनं कर्नल असतं किंवा ती ब्लॅकलिस्टची ओळ पुसली जाते. पहिल्या बाबतीत चार दिवसांनी अपडेट आलं की परत तेच. आणि बॅकअप न घेता फॉरमॅट मारून वर्षभराच्या नोट्स घालवलेला मुलगा मी स्वतः पाहिलाय, त्याचा चेहरा विसरत नाही.

राहिलं अपडेट कायमचं बंद. मार्च २०२२ मध्ये डर्टी पाईप नावाची त्रुटी उघड झाली, ५.८ पासूनच्या कर्नलमध्ये होती, साध्या युजरला ती वापरून रूट, म्हणजे मशीनवर सगळे अधिकार असलेला युजर, होता येत होतं. अभ्यासिकेत एकेका मशीनवर दिवसभरात वेगवेगळी पोरं बसतात, तिथे असलं कर्नल तसंच ठेवायचं? उपाय होता तो अपडेटच. नवं कर्नल त्रास देत असेल तर चार-आठ दिवस जुन्यावरून बूट करा, हवं तर अ‍ॅप्ट या पॅकेज बसवणाऱ्या टूलमध्ये होल्ड लावून अपडेट थांबवा, पण तारीख लिहून ठेवा आणि तो होल्ड काढा. नवं नीट चालतंय याची खात्री होईपर्यंत जुनं हाताने काढू नका, आणि बूट पार्टिशन वेगळं असेल तर त्यात जागा आहे का बघा, ते भरलं तर अपडेट अर्धवट राहतं आणि तो त्रास याहून मोठा.

कोणाचं अडलं असेल तर दुकानात जायच्या आधी जुन्या कर्नलवर बूट करून बघा. तरी कळलं नाही तर नव्या कर्नलवर येऊन एलएसपीसीआय, डीकेएमएस स्टेटस आणि डीमेसेजमधल्या कार्डाच्या ओळी, तिन्हींचे मोबाईलवर फोटो काढा आणि संध्याकाळी सातनंतर अभ्यासिकेत या, मी असतो.